दाराबाहेरच्या बायका : 'गॉडफादर' बघताना



"आमचं कुणी गॉडफादर नाही हो," असं आपण किती सहज म्हणतो! बदली अडकली, पोराला नोकरी लागली नाही, बचत गटाच्या पापडाला बाजारात जागा मिळाली नाही, की हे वाक्य तोंडात येतंच. मध्यंतरी स्टुडिओत चहा पिताना आमच्यातली एकजण असंच म्हणाली, आणि दुसरीने विचारलं, "पण हा गॉडफादर म्हणजे नक्की कोण गं?" कुणालाच धड सांगता येईना. एक म्हणाली देवबाप्पा, एक म्हणाली वशिला, एक म्हणाली अमिताभचा पिक्चर आहे बहुतेक.

वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती मैत्रिणींना हे सांगायला नको. बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आईवडिलांबरोबर एक धर्मपिता आणि एक धर्ममाता उभी राहते. या लेकराकडे आम्हीही लक्ष ठेवू, असा शब्द ते देवासमोर देतात. तो धर्मपिता म्हणजे गॉडफादर. इतकं साधं, मायेचं नातं. त्या शब्दाला बंदुकीचा वास लागला तो मारिओ पुझो या अमेरिकन लेखकाच्या १९६९च्या कादंबरीमुळे आणि तिच्यावरून फ्रान्सिस फोर्ड कपोला या दिग्दर्शकाने काढलेल्या तीन सिनेमांमुळे. पहिला भाग १९७२चा, दुसरा १९७४चा आणि तिसरा एकदम १९९०चा.

तर आम्ही ठरवलं, बघूनच टाकू. तीन रविवार, तीन भाग, सगळे मिळून जवळजवळ नऊ तास. भिंतीवर पांढरी चादर लावली, प्रोजेक्टर मागून आणला आणि इंग्रजी येणारी एकजण मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत होती. "हे बाप्यांचं काम आहे, गोळीबार आणि मारामाऱ्या," असं म्हणून दोघीजणी पहिल्या रविवारी आल्याच नाहीत. दुसऱ्या रविवारी आल्या. जे बघितलं ते आज तुम्हाला सांगायचंय. गोष्ट शेवटापर्यंत सांगणार आहोत बरं का. पन्नास वर्षं होऊन गेली, आता काय लपवायचं!

गोष्ट अशी. इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचं बेट आहे. तिथल्या कोर्लेओने गावात १९०१ साली एका मुलाच्या बापाला गावचा डॉन मारतो. थोरला भाऊ सूड घ्यायला जातो, तोही मरतो. उरतात आई आणि नऊ वर्षांचा व्हितो. आई त्याला घेऊन त्या डॉनकडे जाते, याला सोडा म्हणून पदर पसरते. तो नाही म्हणतो, तेव्हा पदराआडून सुरी काढून त्याच्या गळ्याला लावते आणि पोराला ओरडून सांगते, पळ. पोरगं पळतं. आई तिथेच गोळी लागून पडते. हा मुलगा बोटीत बसून अमेरिकेला न्यूयॉर्कला जातो. कारकून कागदावर त्याचं आडनावच गावाच्या नावावरून लावून टाकतो. तोच पुढे मोठा डॉन होतो, व्हितो कोर्लेओने. म्हातारा व्हितो मार्लन ब्रँडोने केलाय, तरुण व्हितो रॉबर्ट डी नीरोने. मुलं चार. तापट सॉनी, दुबळा फ्रेडो, शिकलेला आणि लढाईवरून परतलेला मायकेल, आणि एकुलती एक मुलगी कॉनी. मायकेल या सगळ्या भानगडींपासून लांब असतो. बापावर गोळ्या झाडल्या जातात तेव्हा तो आत ओढला जातो आणि शेवटी बापापेक्षा निर्दय डॉन होतो. हे काम अल पचिनोचं. त्याचे डोळे तीन भागांत कसे विझत जातात ते बघायला तरी हा सिनेमा बघा.

आता खरी गंमत ऐका. हा पुरुषांचा सिनेमा सुरू होतो एका मुलीच्या दुःखावरून, आणि ती मुलगी पडद्यावर एकदाही येत नाही.

१९४५ साल. कॉनीचं लग्न चाललंय. बाहेर अंगणात बँड, नाच, खाणं. आत अंधाऱ्या खोलीत डॉन बसलाय, कारण मुलीच्या लग्नाच्या दिवशी सिसिलीच्या माणसाने कुणाची मागणी परत पाठवायची नाही, अशी रीत. बोनासेरा नावाचा अंत्यविधीचं दुकान चालवणारा माणूस आलाय. त्याच्या मुलीवर दोन मुलांनी हात टाकायचा प्रयत्न केला. तिने विरोध केला म्हणून तिचा जबडा फोडला. कोर्टात गुन्हा सिद्ध झाला, पण शिक्षा तहकूब झाली आणि पोरं हसत घरी गेली. बोनासेरा म्हणतो, मला न्याय द्या. त्यांना मारून टाका. किती पैसे होतील ते सांगा.

डॉन रागावतो. खून मागितला म्हणून नव्हे. आधी पोलिसांकडे गेलास आणि माझ्याकडे आता आलास, आणि वर पैशाची भाषा करतोस, म्हणून. इतकी वर्षं तू मला तुझ्या घरी कॉफीला बोलावलं नाहीस, तुला माझ्याशी नातं नको होतं. बोनासेरा वाकतो, हाताचा मुका घेतो, "गॉडफादर" म्हणतो. मग काम होतं. पैसे नाहीत. फक्त एवढंच, की कधीतरी मी तुला एक काम सांगेन, कदाचित सांगणारही नाही.

आमच्याकडच्या सगळ्या सावकारांपेक्षा हा हुशार. सावकार व्याज तरी सांगतो. इथे कर्ज किती, हप्ता किती, फेडायचं कधी, काहीच ठरलेलं नाही. माणूस जन्मभर बांधला जातो. शिवाय डॉनच बोलून दाखवतो की बोनासेराच्या त्या मुलीची धर्ममाता म्हणजे डॉनची बायको. म्हणजे मुलीचं भलं बघायचा शब्द दिलेली बाई पलीकडेच अंगणात पाहुण्यांचं बघतेय. तिला कुणी आत बोलवत नाही. मुलीला काय हवंय हेही कुणी विचारत नाही. तिचं दुखणं दोन पुरुषांमधला व्यवहार होऊन जातं.

इथे आमच्यातली एकजण म्हणाली, "थांबवा जरा." तिने जे सांगितलं ते तिच्या परवानगीने, नाव न घेता सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी नवरा मारायचा. चौकीवर गेली तर घरचं भांडण घरी मिटवा म्हणाले. मग शेजारणीने एका भाऊंकडे नेलं. भाऊंनी चार पोरं पाठवली, नवऱ्याला समज दिली आणि मार थांबला. ती म्हणाली, "मी त्यांच्या पाया पडले होते, आजही वाईट बोलणार नाही. पण त्यानंतर दर निवडणुकीला आमच्या घरची मतं कुठे जाणार ते आम्ही ठरवलं नाही. नवऱ्याची रिक्षा त्यांच्या सभेला फुकट गेली. पोरगा दहावीत होता, त्यालाही बोलावणं यायला लागलं, तेव्हा मी त्याला मामाकडे धाडलं." खोलीत कुणी बोललं नाही. मग पुन्हा सिनेमा सुरू केला.

आज २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात, १८१ हा महिलांसाठीचा नंबर आहे. हे आपल्या कार्यक्रमात शंभरदा सांगून झालंय, एकशे एकावं समजा. पण कायद्याचं दार उघडत नाही तेव्हा भाऊंचं उघडं असतं, हीच गॉडफादरची सगळी ताकद आहे. न्यूयॉर्कमध्ये परदेशातून आलेल्या, भाषा न येणाऱ्या गरीब इटालियन माणसाचंही तेच होतं. आपल्याकडे दादा, भाऊ, अण्णा, भाई ही सगळी घरातलीच नाती अशा माणसांना लावली जातात, यात काही नवल नाही. नातं लावलं की नाही म्हणता येत नाही. राम गोपाल वर्माचा २००५चा मुंबईतला 'सरकार' याच सिनेमावरून प्रेरणा घेतलेला, आणि तोही अत्याचार झालेल्या मुलीच्या बापाच्या विनवणीनेच सुरू होतो. त्याआधी १९७५ साली फिरोज खानचा 'धर्मात्मा' येऊन गेला होता. म्हणजे आपल्याला हा माणूस ओळखीचा वाटतो हे नक्की.

आता कॉनीकडे वळू. जिच्या लग्नात एवढे लोक हात जोडून उभे होते, त्या डॉनच्या लेकीला तिचा नवरा कार्लो मारतो. घरात माहीत आहे. एकदा जेवणाच्या टेबलावर तो तिला गप्प बस म्हणतो, सॉनी चिडतो, तर आई त्यालाच सांगते, तू मध्ये पडू नकोस. इथे आमच्यातल्या सगळ्या जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. हे वाक्य कुठल्या घरात बोललं गेलं नाही?

पुढे सॉनी कार्लोला भर रस्त्यात बडवतो. त्याने काय होतं? शत्रूला कळतं की बहिणीसाठी हा माणूस भान सोडून धावतो. मग कार्लोच त्यांना फितूर होतो. पोटुशी कॉनीला मुद्दाम पट्ट्याने मारलं जातं, ती माहेरी फोन करते, सॉनी एकटा गाडी काढतो आणि टोलनाक्यावर त्याची चाळण होते. बाईला मारणं हा इथे सापळा लावायचा प्रकार आहे. आणि बोनासेराच्या उपकाराची फेड याच वेळी होते. डॉन लेकाचं प्रेत त्याच्याकडे नेतो आणि म्हणतो, याला नीट कर, याच्या आईने याला असं बघू नये. आम्हाला रडू आलं, खरं सांगतो. पण नंतर वाटलं, आईने बघितलं असतं तर? तिने काही विचारलं असतं का?

आई कार्मेला सगळ्या सिनेमात फार कमी बोलते. लग्नात गाणं म्हणते, स्वयंपाक बघते, देवाचं करते. तरी तिच्या असण्याचं वजन दुसऱ्या भागात कळतं. फ्रेडोने दगा दिलाय हे मायकेलला समजतं, पण तो आपल्या माणसाला सांगतो की आई जिवंत आहे तोवर फ्रेडोला काही होता कामा नये. आई जाते. अंत्यविधीत मायकेल भावाला मिठी मारतो, आणि मग एके दिवशी तळ्यात होडीवर फ्रेडोला मागून गोळी घातली जाते. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपला श्वास हे एका लेकाचं कवच आहे, हेसुद्धा नाही.

थोडं हलकं सांगू का? स्वयंपाक बायकांचाच असं समजू नका. टोळीयुद्ध सुरू झालं की हे पुरुष घर सोडून एका जागी गाद्या टाकून राहतात आणि तिथे जाडा क्लेमेंझा मायकेलला वीस माणसांचा रस्सा शिकवतो. तेल, लसूण, मग टोमॅटो, खाली लागू द्यायचं नाही, मांसाचे गोळे, थोडी वाइन आणि चिमूटभर साखर. म्हणजे येतं त्यांना! फक्त माणसं मारायला निघाल्यावर येतं. हे ऐकून आमच्यातल्या एकीने घरी जाऊन नवऱ्याला काय सुनावलं ते प्रसारणात सांगण्यासारखं नाही.

सिसिलीत लपून असताना मायकेलने केलेली बायको, अपोलोनिया, तिच्याबद्दल फार सांगता येत नाही, कारण सिनेमाही सांगत नाही. गोड दिसते, लाजते, इंग्रजी वार उलटसुलट म्हणते, आणि नवऱ्यासाठी गाडीत लावलेल्या बाँबने मरते.

मायकेलची अमेरिकन मैत्रीण, पुढे बायको, ती के. डायान कीटनने केलेली. कॉनीच्या लग्नात ती पहिल्यांदा या घरात येते आणि मायकेलच तिला बापाचे उद्योग सांगतो. वर म्हणतो, हे माझं घराणं आहे, मी तसा नाही. पुढे लग्नाची मागणी घालताना शब्द देतो की पाच वर्षांत आमचा सगळा धंदा सरळ होईल. ती विश्वास ठेवते. तिला भोळी म्हणावं का यावर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, तिला सगळं माहीत होतं, श्रीमंती हवी होती. दुसरीचं म्हणणं, आपल्याला आपल्या घरातला पैसा नक्की कुठून येतो हे तरी कितीजणींना माहीत असतं? यावर थोडा वेळ शांतता होती.

पहिल्या भागाचा शेवट असा. मायकेल कॉनीच्या बाळाचा गॉडफादर म्हणून चर्चमध्ये उभा आहे, मी सैतानाला नाकारतो असं म्हणतोय, आणि त्याच वेळी शहरभर त्याची माणसं त्याच्या शत्रूंना मारताहेत. त्याच दिवशी बाळाच्या बापाला, कार्लोलाही, मारलं जातं. कॉनी आक्रोश करत येते की यानेच माझ्या नवऱ्याला मारलं. मायकेल म्हणतो, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टर बोलवा. के विचारते, हे खरं आहे का? माझ्या धंद्याबद्दल विचारायचं नाही, म्हणून तो टेबलावर हात आपटतो. मग म्हणतो, बरं, या एकाच वेळी विचार. ती विचारते. तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणतो, नाही.

तिचा जीव भांड्यात पडतो. ती दोघांसाठी पेय आणायला बाहेरच्या खोलीत जाते. मागे वळून बघते तर आत माणसं मायकेलच्या हाताचा मुका घेताहेत. एकजण येऊन दार लावून घेतो. संपला सिनेमा.

आम्ही हा शेवट तीनदा बघितला. एक गोष्ट तिसऱ्यांदा लक्षात आली. दार लागतं तेव्हा कॅमेरा आत आहे. आपल्याला केचा चेहरा दिसतो आणि त्यावरून दार सरकतं. म्हणजे आपण प्रेक्षक त्या पुरुषांबरोबर आत राहतो. तीन तास आपणही त्यांच्याच बाजूने होतो ना! सॉनीने कार्लोला बडवलं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या जणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. कादंबरी केच्या प्रार्थनेवर संपते, सासूबरोबर चर्चमध्ये नवऱ्याच्या आत्म्यासाठी. कपोलाने तसंही चित्रण केलं होतं म्हणे, पण ठेवलं दारच. बरं केलं.

दुसऱ्या भागात के बोलते. गर्भपात झाला असं मायकेलला कळलेलं असतं, तो आपोआप झाला असं त्याला वाटत असतं. ती सांगते, मी करवून घेतला. मुलगा होता. तुझा आणखी एक मुलगा मला या जगात आणायचा नव्हता, हे कुठेतरी थांबायला हवं. तो तिच्या थोबाडीत मारतो, मुलं ठेवून घेतो, आणि पुढे ती चोरून मुलांना भेटायला आली असता पुन्हा तिच्या तोंडावर दार लावतो. या वेळी स्वतःच्या हाताने. ही गर्भपाताची कल्पना सुचवली होती ती टालिया शायर हिने, म्हणजे कॉनीचं काम करणाऱ्या नटीने. ती कपोलाची सख्खी बहीण. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला तो १९७३ मध्ये (२०२२ मध्ये तो काढूनही घेतला), आणि सिनेमा १९७४चा. गोष्ट मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीची, म्हणजे केने हे बेकायदा, जिवाची जोखीम घेऊन केलं असणार.

तिसरा भाग बाकीच्या दोन भागांइतका जमलेला नाही, असं आमचंही मत. पण त्यात कॉनी बदललेली दिसते. जिला मारलं जायचं ती आता माणसं मारायला सांगते आणि आपल्याच धर्मपित्याला विष घातलेली मिठाई खाऊ घालते. काहीजणींना हे आवडलं, "आता कशी आली!" आम्हाला नाही आवडलं. दाराच्या आत जागा मिळाली ती त्यांच्यासारखी होऊनच. आणि शेवटी पालेर्मोच्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मायकेलसाठीची गोळी त्याच्या लेकीला, मेरीला लागते. सगळं घरासाठी, मुलांसाठी केलं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात हे येतं.

आता जरा सिनेमाच्या मागे जाऊ. हा डॉन पुझोला सुचला कुठून? त्याने स्वतःच सांगून ठेवलंय की आपण एकाही खऱ्या गुंडाला भेटलो नव्हतो, सगळं वाचून लिहिलं. आणि डॉन बोलायला लागला की आपल्या कानात आवाज यायचा तो आपल्या आईचा! आम्ही हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. इटलीतून आलेली, लिहितावाचता न येणारी बाई. नवरा रेल्वेच्या रुळांवर कामाला, पुढे मनाच्या आजाराने रुग्णालयात. पदरात सात मुलं, राहणं न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत. तिचं ते शहाणपण, तो कठोरपणा, माणसं धरून ठेवायची ती हातोटी पुझोने उचलली आणि एका पुरुषाला दिली. दुसऱ्या भागात तरुण व्हितोला शेजारी खिडकीतून बंदुकांचं गाठोडं ठेवायला देतो आणि बदल्यात गालिचा मिळवून देतो, तो प्रसंगही त्याच्या आईच्या बाबतीत घडलेला, असं त्याने एका मुलाखतीत सांगितलंय.

आईवर त्याने आईच्याच रूपात कादंबरी लिहिली होती, १९६५च्या सुमारास, 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम'. ती आपली सर्वांत चांगली कादंबरी असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. तिच्यावर पैसे काही मिळाले नाहीत. डोक्यावर वीस हजार डॉलरचं कर्ज झालं, तेव्हा त्याने विकली जाईल अशी गोष्ट लिहायला घेतली. ती ही. म्हणजे गरिबीत सात पोरं वाढवणारी बाई बाई म्हणून लिहिली तर कुणी घेईना, तिलाच मिशा लावून बंदुका दिल्या तर जगाने डोक्यावर घेतली.

आणि खऱ्या गुंडांनाही आवडली. सिनेमा बनत असताना न्यूयॉर्कमधल्या एका संघटनेने गोंधळ घातला की यात इटालियन लोकांची बदनामी आहे. निर्मात्याने तडजोड केली, म्हणून पहिल्या भागात 'माफिया' हा शब्द तुम्हाला एकदाही ऐकू येणार नाही. त्या संघटनेचा पुढारी जो कोलंबो स्वतःच एका टोळीचा प्रमुख होता. पुढे सिनेमा आला, तर आपलं आयुष्य किती भारदस्त दाखवलंय म्हणून हे लोक खूश.

मग खरी माफिया कशी असते, तिथल्या बाया काय करतात, हे शोधायला लागलो आणि आम्हाला एक बाई सापडली. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय आजचं बोलणं पुरं होणार नाही, कारण तिच्या लेकाने आपल्यासारखाच छोटा रेडिओ चालवला होता.

सिसिलीत माफिया एकोणिसाव्या शतकात वाढली, पालेर्मोभोवतीच्या लिंबाच्या बागांमध्ये. बागेला पाणी आणि राखण लागते. राखण आम्ही करू, पैसे द्या, नाहीतर झाडं कापली जातील, असा हिशेब. या हप्त्याला तिकडे पिझ्झो म्हणतात (पिझ्झा नव्हे!). पुढे बांधकामाचे ठेके आले, मग अमेरिकेला जाणारी अमली द्रव्यं. पालेर्मोजवळच्या चिनिझी या गावात, विमानतळाच्या अगदी शेजारी, गाएतानो बादालामेंती नावाचा डॉन राहायचा.

त्याच गावातली फेलिचा इंपास्तातो, जन्म १९१६चा. नवरा लुईजी याच माफियातला लहान माणूस, बादालामेंतीचा दोस्त. नणंदेचा नवरा आधीचा डॉन, तो १९६३ मध्ये गाडीत ठेवलेल्या स्फोटकांनी मेला. म्हणजे सिनेमातली कार्मेला म्हणावी अशीच ही बाई. पण तिचा थोरला लेक पेप्पिनो उलट्या काळजाचा निघाला. तरुणपणीच तो माफियाविरुद्ध लिहायला, बोलायला लागला. बापाने घराबाहेर काढलं. फेलिचा नवरा नसताना त्याला घरात घ्यायची, जेवू घालायची. १९७७ मध्ये पेप्पिनोने शेजारच्या तेर्रासिनी गावात दोस्तांबरोबर 'रादिओ आउत' सुरू केला. त्यावर तो नाव घेऊन डॉनची टिंगल करायचा. आपल्या गावाला 'माफियापूर' अशा अर्थाचं नाव द्यायचा, बादालामेंतीला रेड इंडियन सरदाराच्या धर्तीवर 'बसलेला तानो' म्हणायचा. गावात ज्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं, त्याच्यावर लोक आपापल्या घरात रेडिओ लावून हसायला लागले. मैत्रिणींनो, आम्ही रोज या माइकसमोर बसतो, आम्हाला कळतं की याला किती छाती लागली असेल.

त्याच वर्षी बाप मोटारीच्या धडकेत मेला. मुलाला आडोसा होता तो गेला. ९ मे १९७८ उजाडण्याआधीच्या रात्री पेप्पिनोला मारून रेल्वेच्या रुळांवर ठेवलं आणि स्फोट घडवला. तीस वर्षांचा होता. पोलीस म्हणाले, हा रूळ उडवायला गेला होता, अतिरेकी, नाहीतर आत्महत्या. त्याच दिवशी रोममध्ये इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं प्रेत सापडलं, त्यामुळे पेप्पिनोकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. तो गावच्या निवडणुकीत उभा होता. लोकांनी मेल्यावरही त्याला मतं देऊन निवडून दिलं.

फेलिचाने काय करायचं होतं? रिवाज असा की आईने काळं नेसायचं, दार लावून घ्यायचं, तोंड मिटायचं. नाहीतर नात्यातल्या पुरुषांना सूड घ्यायला सांगायचं. तिने दोन्ही केलं नाही. धाकट्या लेकाला, जोवान्नीला घेऊन ती कोर्टात गेली आणि माफियातल्या नातेवाइकांशी संबंध तोडले. सूड नको, न्याय हवा, हे तिचं म्हणणं. आणि घराचं दार उघडं ठेवलं. पत्रकार येवोत, शाळेची पोरं येवोत, ती बसून लेकाची गोष्ट सांगायची.

चोवीस वर्षं लागली. २०००च्या डिसेंबरात इटलीच्या संसदेच्या समितीने मान्य केलं की तपास सरकारी माणसांनीच भरकटवला होता. एप्रिल २००२ मध्ये बादालामेंतीला जन्मठेप झाली. तो तेव्हा अमेरिकेच्या तुरुंगात अमली द्रव्यांच्या गुन्ह्यात होताच. फेलिचा पंच्याऐंशी वर्षांची होती. २००४च्या डिसेंबरात ती गेली.

२००० साली या मायलेकांवर एक इटालियन सिनेमा निघाला, 'शंभर पावलं' अशा अर्थाच्या नावाचा. इंपास्तातोंच्या घरापासून बादालामेंतीच्या घरापर्यंत तेवढंच अंतर आहे. आपल्यातल्या कितीजणींच्या दारापासून भाऊंचं दार याहून लांब आहे? आम्ही आता तो मिळवायच्या मागे आहोत. मिळाला की चादर पुन्हा लावू, त्या वेळी कुणी "बाप्यांचा पिक्चर" म्हणून घरी बसू नका.

फेलिचाचं घर आज स्मृतिघर म्हणून सगळ्यांना खुलं आहे. बादालामेंतीचं घर सरकारने जप्त केलं आणि तेही आता गावाच्या कामाला आहे. तिथे लोक पुस्तकं वाचायला जातात.